सगळाच माल परत कॉलममध्ये

आदरणीय कौसल्याआत्यास, संघर्षचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावून शेकता, की दुखला की नुसता चोळता? पुसदला गारठा पडला असेल तर पहाटे अंगण झाडू नका. माझी तब्येत उत्तम आहे, म्हणजे वजनाखेरीज काही कमी झालेलं नाही. (नोकरीचं पुढे सांगतो.) फोनच करणार होतो, पण तुम्ही पहिल्याच वाक्याला "जेवला का बाप्पा?" विचारता आणि मग माझ्याच्याने वाईट बातमी सांगवत नाही. म्हणून पत्र.

तुमच्या घरून तिसऱ्यांदा नोकरीला निघताना, कायम झाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही, असं मी बोललो होतो. बोलायची काही गरज नव्हती. तुम्ही तर मुकाट्याने भाकरी बांधून देत होतात.

यवतमाळजवळच्या आमच्या कारखान्यात संत्र्याच्या सालीचं तेल येतं. त्यात वासाचा भाग थोडा, बाकी बिनकामाचा. काचेच्या उंच कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळकांड्यात, मध्यावरून हे तेल सोडतात आणि वरून पाणी मिसळलेलं अल्कोहोल. अल्कोहोल वासाचा भाग घेऊन खाली उतरतं, बिनकामाचं तेल वर जातं. खाली आलेल्यातून अल्कोहोल काढलं की झाला माल. पण तो सगळा पिंपात भरायचा नाही! त्यातला बराचसा पुन्हा खालूनच कॉलममध्ये सोडायचा. तो वर चढताना अल्कोहोलबरोबर आलेलं बिनकामाचं तेल हुसकून लावतो आणि पुढचा माल आणखी चोख निघतो. याला रिफ्लक्स म्हणतात. हातात आलेला माल परत पाठवायचा, हे मला पटायला दोन महिने लागले. (पटलं ते मात्र नको इतकं पटलं.)

मंगळवारी माझी कसोटी होती. दुपारी गिऱ्हाईक येणार, त्याला माल पसंत पडला तर तुम्हाला कायम करू, असं साहेब म्हणाले होते. तीन भाग परत, एक भाग बाहेर, हा तिथला नियम. सकाळी तपासणीचा आकडा चांगला आला. मी परतीचा नळ थोडा वाढवला, आकडा आणखी सुधारला. आत्या, आयुष्यात कशातच माझा पहिला नंबर आलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. (निकालाला तुम्हीच शाळेत येत होतात.) अकरा वाजेपर्यंत मी बाहेरचा नळ पूर्ण बंद केला होता, सकाळी पिंपात पडलेला मालही परत आत सोडला होता, नवीन तेल घेणंही थांबवलं होतं, आणि तोच माल आतल्या आत फिरत होता. आमचे जुने ऑपरेटर रहेमानभाई दोनदा सांगून गेले, "बाबू, सारंच वापस धाडून राह्यला, मंग गिऱ्हाइकाले दाखवशीन काय?" मी म्हणालो, थोडं थांबा, अजून सुधारतंय.

गिऱ्हाईक आलं. तपासणीची छोटी बाटली हुंगून त्याने डोळेच मिटले. इतका चोख माल आजवर पाहिला नाही म्हणाला. मग त्याने पिंप उघडायला सांगितलं. पिंप कोरडं होतं. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. रहेमानभाई फाटकापर्यंत सोडायला आले. "काम नाही चुकलं रे तुयं, तू थांबलाच नाही," म्हणाले. मी खोलीवर येऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नये.

आपला,
संघर्ष

ता. क. : वरची खोली भाड्याने दिली नसेल तर एवढ्यात देऊ नका. दिली असेल तरी माझी तक्रार नाही, मला ओसरी चालते.

पुन्हा ता. क. : कायम नोकरी लागल्याशिवाय तोंड दाखवणार नाही, हे तुम्ही फार मनावर घेतलं नसावं, अशी आशा करतो. मी रागात बोललो होतो, आणि राग माझा माझ्यावरच होता.

आणखी एक ता. क. : पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. हे पत्र दाराच्या फटीतून मीच आत सरकवलं आहे. बाहेर पायरीवर बसलोय. पूर्ण वाचून झालं नसलं तरी कडी काढा.