अर्धं सारवलेलं कोर्ट

सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, पण माझा राग अजून धडधाकट आहे. बिरवाडीजवळच्या त्याच कॉलनीत, त्याच मातीच्या कोर्टवर मी रोज सकाळी मुलांना टेनिस शिकवते आणि रोज एकदा तरी मनात तुम्हाला शिव्या घालते. हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता उलट बोलू शकत नाही.

पावसाळा सरला की ते कोर्ट खळ्यासारखं चोपून शेणानं सारवावं लागे. कॉलनीत ते कुणाला जमत नव्हतं. माझी आई कापडे गावची, खळी सारवण्यात तिचा हात बसलेला, म्हणून तुम्ही तिला बोलावलंत. ती सारवायची, मी भिंतीवर चेंडू मारत बसायचे. एक दिवस तुम्ही तुमची जुनी रॅकेट माझ्या हातात दिलीत आणि पुढे चार वर्षं शिकवलंत. ते मी नाकारत नाही.

मग तुम्ही केलेली जिल्ह्याच्या संघाची यादी लागली. माझं नाव नव्हतं. आदल्याच आठवड्यात मी जिला सहा-एकनं हरवलं होतं, त्या कॉलनीतल्या बड्या साहेबांच्या मुलीचं होतं. आई सारवतेय, मी तुमच्यासमोर उभी आहे. विचारते, “सर, माझं काय चुकलं?” तुम्ही मान वर न करता म्हणता, “आई सारवते त्या कोर्टवर खेळायला मिळतंय, तेवढं पुरे नाही का?” आईनं ऐकलं. बादलीत हात धुतले आणि म्हणाली, “चल गो. उरलेलं मी नाय सारवायची. त्यांचं खळं हाय, त्यांनी बघावं.” नेटच्या अलीकडे सारवलेलं, पलीकडे कोरडी माती. त्या हंगामात पलीकडे चेंडू वेडावाकडा उडायचा म्हणे. ऐकून मला भारी बरं वाटलं होतं.

यंदा तुमची नात माझ्याकडे शिकायला आली. हल्ली सारवण मी मुलांकडूनच करून घेते, तेव्हा आधी तिलाच शेणाच्या बादलीशी बसवलं. वाटलं, नाक मुरडेल, रडेल. तर म्हणते कशी, “मॅडम, किती गार लागतं!” माझा सगळा बेत फुकट गेला. मग जिल्ह्याची यादी करायची वेळ आली. ती सगळ्यांत सरस आहे, आणि मी तिचं नाव लिहिलं नाही. काल ती समोर येऊन उभी राहिली. “मॅडम, माझं काय चुकलं?” आजोबांच्या कोर्टवर खेळायला मिळतंय, तेवढं पुरे नाही का, हे उत्तर मी कधीचं घासूनपुसून ठेवलं होतं. पण तिच्या नखांत अजून शेण होतं, आईच्या असायचं तसं. मी पेन काढलं आणि तिच्यादेखत नाव लिहिलं.

तुम्हाला माफ केलं असं मात्र समजू नका. यादीखाली प्रशिक्षक म्हणून माझं नाव आहे, तुमचं कुठेच नाही. तुमची नात जिंकेल आणि टाळ्या मला पडतील. जाताना तिनं विचारलं, “तुमची सर्व्हिस आजोबांनी शिकवली ना?” मी म्हटलं, “नाही गं, माझ्या आईनं.”

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. खोटं बोलले, सर. आईनं रॅकेट कधी हातातसुद्धा धरली नाही. सर्व्हिस तुमचीच आहे.