घड्याळाला लागलेली डुलकी

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष वाकले तर मला सरळ करायला कुणीतरी लागतं, आणि हे आत्ता भिंतीवरच्या घड्याळात डोकं घालून बसले आहेत). तुझं हृदय, तुझे गुडघे आणि तुझ्या कुंड्या आपापल्या जागी खुशाल असतील, अशी आशा करते. इकडे सगळे बरे आहेत. सूनबाई बरी आहे, आणि तिच्या म्हणण्यावरून मुलगाही बरा आहे.

तुझं पत्र काल आलं. गेल्या पत्रात मी त्या तेलाचं इतकं कौतुक केलं, त्याचं फळ मला मिळालं. तू लिहितेस, 'आमचे हे गेल्यापासून रात्र रात्र छताकडे बघत पडलेली असते. तुझ्या त्या तेलाची एक बाटली पाठव, नाहीतर इथे कुठे मिळते का बघते.' आधी एवढंच वाच: बाटली मिळाली असेल तर उघडू नकोस. उघडली असशील तर घेऊ नकोस. घेतली असशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी तुझ्या डॉक्टरांना फोन कर, पत्र कुठे पळून जात नाही. का, ते सांगते. पण मला सुरुवातीपासूनच सांगावं लागेल. मधूनच सांगायची विद्या आपल्या शाळेत शिकवली नाही.

तर माझा उजवा अंगठा. सकाळी चहाच्या बरणीचं झाकण उघडताना तो असा काही ओरडतो, की बरणी राहू दे, मीच मिटून जाते. त्यात आपल्या कॉन्व्हेंटात शिवण शिकवणाऱ्या टाचणी सिस्टरसाठी करायचा तो टेबलक्लॉथ. (ओठांत टाचण्या धरूनही आपल्याला रागवायच्या, आणि एकही टाचणी कधी पडली नाही. पुढच्या महिन्यात नव्वदीच्या होतील. आता बिछान्यातच असतात, पण कुणी भेटायला गेलं की आधी त्याच्या कपड्यांची शिवण बघतात म्हणे.) जुन्या मुलींनी मिळून तो भरायचा ठरलंय, प्रत्येकीला थोडी जागा. आपण बहिणी, म्हणून आपल्या दोघींना मिळून एकच कोपरा दिला. एका बाकावर बसवायच्या तसंच. तू म्हणालीस, 'माझ्याच्यानं आता काही होणार नाही, तूच कर.' मी बरं म्हटलं आणि भरतकामाची रिंग घेऊन बसले. तीन टाके घातले आणि अंगठ्यानं राजीनामा दिला.

सूनबाईनं तो राजीनामा बघितला आणि दुसऱ्या दिवशी एक छोटी बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. 'आई, हे सीबीडी तेल. जिभेखाली थेंब थेंब घ्यायचं. माझ्या ऑफिसात सगळ्या घेतात, सांधे, झोप, काळजी, सगळ्यावर चालतं.' मी विचारलं, हे असतं कशाचं? तर म्हणे गांजाच्याच कुळातल्या झाडाचं, पण नशा आणणारा भाग काढून टाकलेला असतो. ह्यांनी भिंगातून मान वर केली. 'म्हणजे कॉन्व्हेंटची मुलगी उतारवयात गांजावर आली म्हणायची!' सूनबाई समजावून समजावून थकली, की बाबा, ह्यानं नशा चढत नाही. हे म्हणाले, 'मग पैसे कशाचे घेतात?'

आता तुला ह्यांची सवय ठाऊक आहे. दुकान बंद करून घरी बसले, तरी माणूस घड्याळजीचा काही माणसांत आला नाही. घरात कुठलंही तेल आलं की ते आधी ह्यांच्या छोट्या तपकिरी बाटलीत जातं. बाजारातल्या बाटल्यांवर ह्यांचा विश्वास नाही. तोंडं मोठी असतात, हवा शिरते म्हणे. आणि आपल्या बाटल्यांवर नाव लिहायचं नाही, गळ्याला रंगीत दोरा बांधायचा, हा ह्यांच्या उस्तादांचा शिरस्ता. तेलकट हातानं अक्षर पुसतं, दोरा पुसत नाही. तर ह्यांच्या तबकात तीन बाटल्या होत्या: निळ्या दोऱ्याची घड्याळाच्या तेलाची, लाल दोऱ्याची बदाम तेलाची (ते ह्यांच्या टकलासाठी, तिथे आता केस येणार नाहीत, पण आशा आहे), आणि पांढऱ्या दोऱ्याची माझी.

आता माझी सवयही तुला ठाऊक आहे. ते दोरे म्हणजे शिवणाच्या डब्यातले उरलेसुरले तुकडे, कळकट, सुरगाठीची बोंबाबोंब, टोकं कुठेही लोंबतायत. टाचणी सिस्टरनं बघितले असते तर ह्यांना कोपऱ्यात उभं केलं असतं. मी एके दिवशी तिन्ही बाटल्या पुसायला घेतल्या, तिन्ही दोरे सोडले, आणि टेबलक्लॉथच्या लडीतले तेच तीन रंग घेऊन तिन्हींना इतके सुंदर फुलगाठीचे बो बांधले, की मलाच माझं कौतुक वाटलं. कुठला दोरा कुठल्या बाटलीचा, हे मला पक्कं लक्षात होतं. (अजूनही पक्कंच लक्षात आहे. बाटल्या चुकल्या.)

आणि मग ताई, गुण यायला लागला! पहिल्याच दिवशी थेंब जिभेखाली ठेवले तर चव अगदी बदामासारखी. सूनबाई म्हणाली, 'आश्चर्य आहे, आमच्या ऑफिसातल्या बायकांना गवतासारखी लागते.' मी म्हटलं, जिभेजिभेचा फरक. बाटलीसोबत एक पत्रक होतं, ते मी चष्मा लावून आधीच पाठ केलं होतं (शाळेची खोड). त्यात काय काय त्रास होऊ शकतो ते दिलेलं: तोंडाला कोरड, झोपाळूपणा, भूक मंदावणं, पोट बिघडणं. मी आज्ञाधारक मुलगी, मला सगळं झालं. आणि तेही लिहिलेल्या क्रमानं. सकाळी तोंडाला कोरड पडली, दुपारी खुर्चीत पेंगले, संध्याकाळी जेवण नको झालं. पोटाचं तुला सांगत नाही, पण क्रम तिथेही पाळला गेला. फायदेही तसेच. अंगठा हलका, मन हलकं, रात्री गाढ झोप. टेबलक्लॉथवर मी एक अख्खी वेल भरली, पानं, पाकळ्या, सगळं. त्याच भरात तुला ते पत्र लिहिलं. त्यातलं 'ताई, ही देवाची देणगी आहे' हे वाक्य तू माझ्यावर दया करून विसरून जा.

इकडे बैठकीतल्या मोठ्या घड्याळाची तब्येत मात्र बिघडली. ह्यांनी त्याला नुकतंच तेलपाणी केलं होतं, आणि ते रोज मागे पडायला लागलं. आधी थोडं, मग राजरोस. लंबक असा डुलायचा, जणू त्याला कुठे जायची घाईच नाही. एकदा आम्ही जेवून उठलो तेव्हा त्यानं सकाळच्या चहाचे ठोके दिले. ताई, हे खचले. आयुष्यात ह्यांच्या हातचं घड्याळ मागे पडलं नव्हतं. माणूस तासन्‌तास त्याच्यासमोर बसून नाडी बघितल्यासारखा बघायचा. एकदा हळूच मला म्हणाले, 'अगं, माझा हात तर गेला नाही ना?' मी म्हटलं, माझं तेल घेऊन बघा, फार गुण आहे. (बघ ताई, काय बोलून गेले!) फक्त टक्कल तेवढं जोरात होतं. असं चकाकायला लागलं, की सूनबाई म्हणाली, 'बाबा, दिवा लावायची गरज नाही.' हे म्हणाले, बदाम तेलाचा गुण.

शेवटी ह्यांनी घड्याळ उतरवलं, यंत्र उघडलं, आणि भिंगाऐवजी नाक खाली नेलं. मग बाटली हुंगली. मग मला हाक मारली ती अशा आवाजात, की मी रिंगेसकट पळत गेले. 'ह्यात गवत कुणी कापलंय?' मी हुंगलं. खरंच, पावसात भिजलेल्या मैदानासारखा वास. मग ह्यांनी माझी बाटली हुंगली. मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोही हुंगला. तिथे आम्हां दोघांना एकदमच उलगडा झाला. माझं तेल घड्याळाला गेलं होतं, ह्यांचं बदाम तेल माझ्या जिभेखाली, आणि घड्याळाचं तेल टकलावर. 'तरीच,' हे म्हणाले, 'हल्ली डोकं वेळेवर चालतंय.' मग आम्ही असे हसलो, ताई, की सूनबाई धावत आली आणि तिला वाटलं, नशा चढली.

पण हसून झाल्यावर मला वाईट वाटलं. मला जे काही झालं होतं, चांगलं आणि वाईट, ते सगळं बदामानं. सूनबाईनं मला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या ऐकता ऐकता रुमालानं डोळे पुसत होत्या, पण मग गंभीर झाल्या आणि आधी विचारायला हवं होतं ते विचारलं: 'काकू, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?' त्यांनी सांगितलं ते असं. काही दुर्मिळ प्रकारच्या फिट्सवर ह्याचं औषध खरोखर सिद्ध झालंय, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सांधे, झोप, काळजी ह्यांवर कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही, अभ्यास अजून अपुरा. यकृताला त्रास होऊ शकतो. बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढं आत असेलच असं नाही. आणि सगळ्यांत मुख्य: रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. गोळीचा जोर वाढतो, रक्त जास्तच पातळ होतं, आणि कुठेही स्राव होऊ शकतो. ताई, हे ऐकलं तेव्हा तुझं पत्र आलेलं नव्हतं, म्हणून मी नुसती मान डोलावली. काल पत्र वाचलं आणि तुझं हृदय आठवलं. तुझ्या औषधाच्या डब्यात ती रोजची गोळी आहे ना? मग.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. माझ्या गोळ्या तपासून डॉक्टरीणबाईंनी थोडे दिवस, थोडं, खरं तेल घेऊन बघायला हरकत नाही म्हटलं. घेतलं. चव खरोखर गवताची. गाई कशा खूश राहतात कोण जाणे. अंगठा? थोडा हलका वाटला असेल. पण मला काय वाटतं हे सांगायचा हक्क मी आता गमावून बसले आहे. झोप मात्र खरी आली, आणि भलत्या वेळी. रिंग हातात असतानाच डोळा लागला, उठायला गेले तर टेबलक्लॉथ माझ्याबरोबर उठला. झोपेत मी त्याचा काठ माझ्या गाऊनला शिवून टाकला होता (टाके अगदी सरळ होते, हे सिस्टरना जरूर सांग). हे कात्री घेऊन उसवत बसले आणि म्हणाले, 'हिचा लंबक बंद करा आता.' मी बाटली बंद केली. सध्या अंगठ्याला डॉक्टरीणबाईंनी दिलेला पट्टा बांधते आणि गरम पाण्यात हात धरते. त्यात गंमत काही नाही, पण घड्याळही वेळेवर चालतं.

तर असं आहे. तब्येतीला जप, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या औषधाला हात लावू नकोस, विशेषतः माझ्या. सगळ्यांचा तुला नमस्कार, टकलाचा वेगळा.

तुझ्याच बाकावरची,
धाकटी

ता. क. बाटली पाठवत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सोबत बदाम तेलही पाठवत नाही. त्याचा गुण फक्त ज्याला ठाऊक नाही त्यालाच येतो, आणि तुला मी आता सगळं सांगून बसले.

ता. क. २. आपल्या कोपऱ्यातल्या फुलांना पाकळ्या झाल्या, पण मधले गाठीचे टाके नाहीत. डोळे नसलेल्या मुलींसारखी बघतायत माझ्याकडे. मी घालून बघितले, पण सुईवर दोरा गुंडाळताना अंगठा सुटतो. शिवाय गाठी तू घालायचीस आणि पानं मी, हे सिस्टरना माहीत आहे. सगळ्या मी घातल्या तर त्या बोट फिरवून ओळखतील आणि विचारतील, 'थोरली कुठे आहे?' तेव्हा मी काय सांगू? छताकडे बघतेय म्हणून?

ता. क. ३. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. आतली खोली झाडून ठेवली आहे. मागे आली होतीस तेव्हा तिथल्या ठोक्याच्या घड्याळानं रात्रभर झोपू दिलं नाही म्हणून तू सकाळी सगळ्यांवर रागावली होतीस. काल तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. चष्मा पुसला, आत गेले, आणि त्या घड्याळाचा लंबक हातानं धरून थांबवला. चालू घड्याळ ह्यांनी आजवर कुणासाठी बंद केलेलं मी बघितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'त्यालाही थोडं तेल दिलंय. ताई येऊन जाईपर्यंत काही उठत नाही ते.'

तेव्हा ये. तुझी सुई घेऊन ये, इथल्या सगळ्या माझ्या आहेत.