गाण्यातलं लग्न

शनिवार, ३ नोव्हेंबर १९७९. निपाणी

कापलं! गाणंच कापलं मेल्यांनी!

मुद्दाम आक्काला पिक्चरला घेऊन गेले होते. पुण्याहून आल्यापासून खोलीबाहेर पडलेली नाही बिचारी. पाचवा महिना. बोरगावात आप्पांनी पोटच्या पोरीला उंबऱ्यातूनच परतवली — 'लग्न कुणी बघितलंय?' म्हणे. कोर्टात लग्न झालंय, नवरा कामावर लांब गेलाय, एवढं ती सांगते; पुरे नाही का? राहील माझ्याकडे!

हा पिक्चर मी कोल्हापुरात बघितलाय. पहिल्या कडव्यात दोघं नदीवर. दुसऱ्यात देवळात तो तिच्या गळ्यात मणी बांधतो. तिसऱ्यात ती भाकरी बांधून देते, तो फौजेत जातो. बोलणं एका शब्दाचं नाही. शेवटची ओळ ती एकटीच म्हणते, त्याचा आवाज येतच नाही — तेवढ्यावरून कळतं, आता ही एकटी.

आणि इथं? नदीवर दोघं हसली — खट्‌! एकदम ती विहिरीपाशी ओकतेय. शिट्ट्या. 'कुणाचं गं त्ये?' पुढं सासू तिला हाकलते तर टाळ्या! टाळ्या!! मी उभी राहून ओरडले, 'लग्न झालंय तिचं! गाण्यात झालंय!' लोक हसले.

वळून बघते तर आक्काची खुर्ची रिकामी.

रविवार, ४ नोव्हेंबर

थेटरचा मॅनेजर आण्णाप्पा, त्याला गाठलं. म्हणतो, 'बाई, चार खेळ बसवायचं तर कात्री लावायलाच लागतीया. गाण्याला लोक मुतायला जात्यात. ष्टोरी सगळी हाय की!'

'ष्टोरी गाण्यातच हाय! तुम्ही तिचं लग्न कापलंय!'

'पिच्चरमधली बाई हो ती.' आणि हसला. हात असा शिवशिवला माझा —

मंगळवार, ६ नोव्हेंबर

आक्का जेवत नाही. थेटर जळो ते.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

शेजारच्या पारूबाई विड्या वळतात; काल त्यांना सगळं सांगितलं होतं. आज कारखान्यातल्या मैत्रिणी घेऊनच आल्या. तिकिटाच्या खिडकीपाशी उभ्या राहिलो सगळ्या. येईल त्याला पारूबाई सांगतात, 'लगीन कापल्यालं पिच्चर हाय, जाऊ नगासा!' काय तो आवाज! रांगच मोडली. आण्णाप्पा घामाघूम. 'रविवारी लावतो गं बायांनो, लावतो!'

शाळेत हेडमास्तरांनी टोकलं — मास्तरीणबाईंना शोभतं का हे. शोभतं!

रविवार, ११ नोव्हेंबर

लावलं! गाणं सुरू झालं तसं थेटर गप्प. देवळातल्या कडव्याला बायका गुणगुणायला लागल्या. सासूनं हाकललं तेव्हा टाळी नाही, शिट्टी नाही. मागून एक बाप्या ओरडला, 'आगं ए, लग्नाची हाय की ती!' रडूच आलं मला.

आक्का आली नव्हती. पळत घरी येऊन तिला सांगितलं, 'लग्न दिसलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली बघ!' ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

सोमवार, १२ नोव्हेंबर

सकाळी चहा गाळताना आक्का म्हणाली, 'कोर्टात काय झालंच न्हाय गं. त्यो नुसता गेला.'

मग कप माझ्यापुढं सारून, 'त्या गाण्यात लगीन नसतं, तर टाळ्या बरोबर हुत्या व्हय?'