छताखालची लाल मूठ

बाबा, महिना होत आला तरी मला सावरता आलेलं नाही. म्हणून सुरुवात तुमच्याच पद्धतीने करते, कोड्यापासून. मोटारीच्या छोट्या प्रतिकृतीचा फोटो पाहिला की क्षणभर ती खरी मोटार वाटते, आणि तीच प्रतिकृती टेबलावर समोर आली की खेळणं दिसते. मापं तीच, रंग तोच, उजेडही तोच. मग फोटोत तिला मोठं कोण करतं? मी आठवीत असताना तुम्ही हा प्रश्न मला घातला होता आणि उत्तरासाठी रविवारपर्यंतची मुदत दिली होती. मला उत्तर आलं नाही. रविवारी तुम्ही मला टेबलाशी गुडघ्यांवर बसवलंत, हनुवटी टेबलाच्या कडेवर ठेवायला लावलीत, डावा डोळा मिटून मोटारीच्या खिडकीतून आत पाहायला सांगितलंत. मी पाहिलं, आणि टेबल नाहीसं झालं. समोर एक खरीखुरी, आत शिरता येईल एवढी मोटार उभी होती. मग तुम्ही शांतपणे समजावलंत की दोन डोळे वस्तूकडे दोन वेगळ्या जागांवरून पाहतात, त्या दोन चित्रांतल्या फरकावरून मेंदू अंतर काढतो, आणि अंतर कळलं की आकाराचं बिंग फुटतं. कॅमेऱ्याला डोळा एकच, त्यामुळे तो फसतो. "एक डोळा मिटला की मोटार मोठी होते," असं तुम्ही म्हणाला होतात. अभियांत्रिकी रेखाटनाच्या माझ्या प्रत्येक वर्गाला मी हे वाक्य तुमचं म्हणून सांगत आले आहे.

ती मोटार सातपूरच्या तुमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने अमेरिकेतल्या प्रशिक्षणाहून आणली होती. तुम्ही तिथे ड्रॉइंग विभागाचे प्रमुख, आणि तुम्हाला जोडायच्या वस्तू आवडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग निघाले, मूळ मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाचे. बाहेरचं अंग देखणं होतं. आत मात्र एक उथळ टोपलं, आणि त्यात सीट म्हणून एक उंचवटा. "बाहेरून बंगला, आतून गोठा," एवढं बोलून तुम्ही ते टोपलं बाजूला ठेवलंत आणि मोटारीचा अंतर्भाग पहिल्यापासून स्वतः बनवायचं ठरवलंत. खोक्यावर ही ड्रॅग रेसिंगची मोटार आहे असं छापलं होतं, पण ड्रॅग रेसिंग म्हणजे काय हे नाशकात तेव्हा आम्हाला कोण सांगणार? मेन रोडजवळच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या परदेशी मासिकांतून तुम्हीच शोधून काढलंत: दोन मोटारी, सरळ जाणारा चारेकशे मीटरचा रस्ता, वळण एकही नाही, आणि वेग इतका की नुसते ब्रेक पुरत नाहीत, मागे हवाईछत्री उघडावी लागते. अशा मोटारीच्या आत शोभेला जागाच नसते. चालकाची एकच सीट, त्याला खिळवून ठेवणारे पट्टे, मोटार उलटली तरी तो वाचावा म्हणून त्याच्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, मोजकी घड्याळं, उघडा पत्रा, आणि छताखालच्या दांडीला लटकणारी एक लाल मूठ. ती ओढली की छत्री उघडते. तुम्ही हे इतक्या रंगून सांगायचात की आपल्या गंगापूर रोडच्या दोन खोल्यांत तो वेग मला ऐकू यायचा.

पिंजऱ्याला आपण तांब्याची तार वापरली, सीट आणि पत्र्याला मलमाच्या रिकाम्या नळ्या. पट्ट्यांसाठी आईच्या रेशमी फितीचा तुकडा घेऊन मी आले तेव्हा तुम्ही तो परत केलात. कापड पंचवीस पट लहान कापता येतं, पण त्याची वीण लहान होत नाही, आणि डोळा नेमका तिथे अडखळतो, असं तुमचं म्हणणं. शेवटी मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी रंगवून पट्टे झाले. घड्याळांच्या तबकड्या तुम्ही शाईने मोठ्या काढल्यात आणि अशोक स्तंभाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पुन्हा पुन्हा लहान करून घेतल्यात. तो शेवटी म्हणाला, "साहेब, आता याच्या पुढं बारीक केलं तर मुंगीला चष्मा लागंल." चालकाचे हात आणि पाय कुठवर पोचतात हे कळावं म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून, पाय पसरून बसलात आणि स्टिअरिंग म्हणून परात धरलीत. मी टेप घेऊन कोपर, गुडघा, टाच मोजते आहे. आई कणकेचा डबा घेऊन उभी आहे.

"कुठे निघालात?"

"सटाण्याला."

"मग येताना कांदे आणा. आणि आधी ती परात इकडे द्या."

तुम्ही मला एकदाच रागावलात. गिअरचा दांडा चिमट्यात धरून मी तो थेट जागेवर न्यायला गेले, हात हलला, दांडा आत पडला आणि डिंक एका तबकडीवर पसरला. तुमचा आवाज चढला नाही. "हवेतून हात आणायचा नाही. आधी टेकव, मग ठेव," एवढंच म्हणालात, आणि ती तबकडी पुन्हा मोठी काढायला बसलात. तुमची करंगळी नेहमी आधी कडेला टेकायची, मग चिमटा पुढे सरकायचा. चहा गाळतानासुद्धा तुम्ही पातेल्याची कड कपाच्या कडेला लावून घ्यायचात. त्या आवाजाला आई वैतागायची, कपांचे टवके मोजून दाखवायची. मला मात्र त्यात शिस्त दिसायची, आणि ती मी उचलली. आज माझे विद्यार्थी कंपास कागदावर आणण्याआधी करंगळी टेकवतात. का, असं त्यांनी विचारलं तर मी सांगते की नेमकं काम करणाऱ्यांची ही पद्धत आहे.

एकच भाग तुम्ही कधी स्वतः लावला नाही. ती लाल मूठ. ती छताखाली अधांतरी लटकते, तिच्या आसपास हात टेकवायला काही नाही, आणि पिंजऱ्याला बोट लागलं तर तार वाकते. "ही तू लाव. तुझा हात लहान आहे," तुम्ही म्हणालात. मी श्वास रोखून ती लावली आणि पुढचा आठवडाभर शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. त्यानंतर आपण आणखी मोटारी केल्या. प्रत्येकीची मूठ माझ्याकडे आली, आणि प्रत्येक वेळी तेच कारण. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते, माझा पंजा तुमच्या पंजाएवढा झाला होता, तरीही तुम्ही "तुझा हात लहान आहे" म्हणत होतात. मला ते लाडाचं बोलणं वाटायचं.

पुढे मी पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला गेले आणि तुम्ही एक मोटार एकट्याने केलीत. सुट्टीत आल्यावर मी पाहिली. सगळं जागच्या जागी होतं, फक्त छताखाली मूठ नव्हती. मी विचारलं तर म्हणालात, "या मॉडेलला छत्री नसते." मी मान डोलावली. तुम्ही वाचल्याशिवाय बोलत नाही हे मला ठाऊक होतं.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी तुमच्यासाठी डोक्याला बांधायचं भिंग आणलं. दोन भिंगं, दोन्ही डोळ्यांसाठी, घड्याळजी आणि सर्जन वापरतात तसं. दोन्ही हात मोकळे राहतात आणि खोली अचूक कळते, असं मी तुम्हाला उत्साहाने समजावलं. तुम्ही ते बांधलंत, इकडे तिकडे पाहिलंत, "छान आहे. फार उपयोगी आहे," म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात पुन्हा ते जुनं, एका काचेचं भिंग. माझी भेट तिच्या मखमली पिशवीत गेली ती तिथेच राहिली. मी काही दिवस तुमच्याशी तुटक बोलले. आई म्हणाली, "सवय नाही ग त्यांना." चारच वर्षांनी तुम्ही गेलात, आणि त्या पिशवीला मी हात लावला नाही.

गेल्या महिन्यात धूळ पुसायला मी सगळ्या मोटारी कपाटातून खाली काढल्या. आई समोर मेथी निवडत बसली होती. सहज गंमत म्हणून मी पहिली मोटार तिच्यापुढे सरकवली आणि एक डोळा मिटून आत पाहायला सांगितलं. तिने पाहिलं. "खरंच की, मोठी दिसते," म्हणाली, आणि मेथीकडे वळत पुढे बोलली, "ह्यांना मिटावा लागत नव्हता."

"म्हणजे?"

"डाव्या डोळ्याने दिसत कुठे होतं त्यांना. नांदगावला लहानपणी विटी लागली होती. बाहेरून काही कळायचं नाही." तिने एक काडी मोडली. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल. दोघं तासन् तास एका टेबलाशी बसायचात."

मग मी विचारलं की तुला लग्नाआधी सांगितलं होतं का. ती म्हणाली, लग्नानंतर आठवड्याभरात तिचं तिलाच कळलं, तुम्हाला चहा गाळताना पाहून. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं.

"तू स्कूटरवर मागे बसायचीस ना. ते म्हणायचे, कळलं तर ती घट्ट धरून बसेल. तू हात सोडून बसायचीस, गाणी म्हणायचीस, ते त्यांना आवडायचं."

बाबा, हा धक्का कसा आहे ते तुम्हाला नीट सांगते, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालत नसे. एखाद्या रेखाटनाची उजवी-डावी बाजू उलट लागली आहे असं अचानक लक्षात यावं, आणि रेष न् रेष बरोबर असूनही सगळं यंत्र वेगळंच निघावं, तसं झालं आहे. चांदवडच्या घाटात कांद्याच्या ट्रकमागे आपली स्कूटर रांगत चालली आहे, मागून हॉर्न वाजताहेत, तुम्ही ओलांडत नाही. लग्नघरी पोचायला उशीर होतो आणि मामा मांडवातच म्हणतो, "दाजी, स्कूटर हाय का बैलगाडी? लय जपून हाकता तुम्ही." सगळे हसतात, तुम्हीही हसता. समोरून येणारा ट्रक किती लांब आहे हे तुम्हाला इतरांसारखं पटकन कळत नव्हतं. मी मागे बसून गात होते. दोन डोळ्यांचं भिंग मी तुमच्या डोक्याला बांधलं, खोली अचूक कळेल म्हणाले, आणि तुम्ही मला "फार उपयोगी आहे" म्हणालात.

पण खरी झोप उडाली ती याहून वेगळ्या विचाराने. जिला मी पद्धत म्हणून शिकले आणि शिकवते आहे, ती तुमची गरज होती. अंतर दिसत नव्हतं म्हणून तुम्ही ते बोटाने मोजत होतात. मग मी त्या टेबलाशी तुमची विद्यार्थिनी होते, की तुम्हाला नसलेला डावा डोळा? मला शिकवलंत, की वापरून घेतलंत? तुमच्यासारखंच मीही ठरवलं की वस्तूलाच विचारावं. तुम्ही पुण्याच्या काळात एकट्याने केलेली ती मोटार उजेडात घेतली, छत उचललं आणि तेच जुनं एका काचेचं भिंग लावून पाहिलं. जिथे मूठ हवी होती त्या दांडीच्या मागच्या दांडीवर सुकलेल्या डिंकाचे बारीक ठिपके आहेत. पुष्कळ आहेत. खाली सीटवर पडलेला लाल रंगाचा एक कणही आहे. त्या मॉडेलला छत्री असते, बाबा. तुम्ही प्रयत्न केलात, प्रत्येक वेळी हात पुढे गेला, आणि शेवटी तुम्ही मला पत्र लिहून बोलावलं नाही, शेजारच्या कुणाला ती लावायला सांगितली नाही, जागा रिकामी ठेवलीत. ज्या माणसाने सीटच्या उंचवट्यापायी अख्खं टोपलं नाकारलं, त्याने थांबण्याचं साधनच नसलेली मोटार कपाटात ठेवली. ते ठिपके पाहिले तेव्हापासून माझा प्रश्न मला विचारता येत नाही.

उद्या वर्गात मी तुमचं वाक्य सांगणार आहे, आणि त्यानंतर प्रत्येकाला एक साधी गोष्ट करायला लावणार आहे. एका हातात पेन घ्यायचं, दुसऱ्या हातात त्याचं टोपण. दोन्ही हात समोर लांब करायचे, एक डोळा मिटायचा, आणि टोपण बाजूने आणून पेनाच्या टोकावर एका झटक्यात बसवायचं. हात कुठेही टेकवायचा नाही. हे पत्र लिहिता लिहिता मी ते आत्ताच करून पाहिलं. टोपण कधी टोकाच्या अलीकडून गेलं, कधी पलीकडून. शेवटी मी करंगळी पेनाला टेकवली आणि ते बसलं. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं: टोपण बसलं, तरी बराच वेळ मी डावा डोळा उघडला नाही.