कॉल : ओके

३ मार्च, सोमवार
अपडेट आलं! चौदा महिन्यांनी!
आमच्या मॉडेलला कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलंय. पण जगभरच्या हौशी लोकांनी मिळून मोबाइलची एक सिस्टीम बनवली आहे. फुकट आणि सगळ्यांना खुली. ती मी घरातल्या तिन्ही फोनवर टाकली आहे : माझ्या, हिच्या आणि सासरेबुवांच्या. तिन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच मॉडेलचे. या मॉडेलचं काम जे गृहस्थ बघतात त्यांनी फोरमवर ‘झोपाळू पाणमांजर’ असं नाव घेतलंय. खरं नाव कुणालाच माहीत नाही. मी त्यांना पाणमांजरसाहेब म्हणतो.
साहेबांनी विचारलं, सगळ्यांना देण्याआधी कुणी टेस्ट करून देईल का. मी ताबडतोब हात वर केला. दुसऱ्या कुणीच केला नाही. बिनविरोध निवड.

४ मार्च, मंगळवार
माझ्या फोनवर टाकलं. निरीक्षणं दोन. बॅटरी १४० टक्के दाखवते. मोठमोठ्या कंपन्यांना शंभराच्या पुढे जाता आलेलं नाही. फोटो उलटे येतात, पण फोन उलटा धरला की सुलटे येतात. सवयीचा प्रश्न आहे.
हिला म्हटलं, तुझ्याही फोनवर टाकतो. ही म्हणाली, खबरदार हात लावलात तर. येत्या सोमवारी दहा ते अकरामध्ये तिला शिक्षण खात्यातून फोन येणार आहे. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी यादीत हिचं नाव पहिलं. फोनवर तोंडी होकार द्यायचा. नाही दिला तर लगेच पुढच्या नावाला फोन, म्हणजे चित्रकलेच्या बाईंना. एकोणीस वर्षं वाट बघितलीय, म्हणाली.
संकल्प : सोमवारपर्यंत हिच्या फोनला हात लावायचा नाही. हे मी लिहून ठेवतोय.

५ मार्च, बुधवार
पाणमांजरसाहेबांनी टेस्टची यादी पाठवली. बेचाळीस मुद्दे! प्रत्येकासमोर ओके किंवा नॉट ओके लिहायचं.
अशा याद्यांमध्ये माझा हातखंडा आहे. आमच्या आवक-जावक विभागात आगीच्या बादल्यांचं रजिस्टर अकरा वर्षं माझ्याकडे आहे. रोज ‘वाळू आहे’ समोर खूण करतो. वाळू नाही. बादल्याही गेल्या ऑडिटपासून दिसलेल्या नाहीत. पण रजिस्टरमध्ये एक दिवसही खाडा नाही, आणि आजवर आग लागलेली नाही. पद्धत सिद्ध झालेली आहे.
बेचाळीस मुद्दे तीन मिनिटांत संपवले. ‘कॉल’ या मुद्द्याशी क्षणभर थांबलो. अपडेटनंतर मला एकही फोन आलेला नाही, म्हणजे कॉलबद्दल तक्रार नाही. ओके.

६ मार्च, गुरुवार
साहेबांचं उत्तर आलं. तुमच्या भरवशावर अपडेट सगळ्यांना खुलं करतोय, म्हणे. त्यांचा स्वतःचा फोन गेल्या वर्षी तळ्यात पडला. तेव्हापासून ते सगळं अंदाजाने करतात. माणसाने असं निःस्वार्थी असावं.
संध्याकाळी सासरेबुवांच्या फोनवर टाकलं. त्यांच्या फोनवर १ जानेवारी १९७० ही तारीख दिसते. हटायला तयार नाही. सासरेबुवा खूश. म्हणाले, जावईबापू, राहू द्या, अजून नोकरीला लागायचोय मी.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी ३.४०
ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. ते नुसतं हॅलो हॅलो करत राहिले. मी चांगलं ओरडून बोललो, पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या, तरी यांचं हॅलो हॅलो चालूच. शेवटी स्वतः चालत आले आणि विचारलं, तोंडात काय धरलंय.
बिचाऱ्यांचे कान गेले. इतक्या लवकर! मी त्यांच्याकडे फार कनवाळूपणे बघितलं, तर म्हणाले, बघताय काय, फाइल द्या.

९ मार्च, रविवार, सकाळी ९.१५
संकल्पाचा पुनर्विचार.
हिच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा फोन उद्या येणार, आणि तो जुन्या व्हर्जनवर घ्यायचा? उद्या ऐन वेळी फोन बंद पडला तर जबाबदार कोण? मीच. ही गच्चीवर कपडे वाळत घालतेय. वीस मिनिटं आहेत.

सकाळी ९.५०
टाकलं. १४० टक्के! हिला काही सांगितलं नाही. योग्य वेळी कळेलच.

१० मार्च, सोमवार, दुपारी १२
क्रमाने लिहितो.
तांत्रिक मदतीसाठी मी अर्धी रजा घेतली होती. ही साडेनऊपासून इस्त्रीची साडी नेसून फोनसमोर बसलेली. दहा वाजून वीस मिनिटांनी फोन आला, हिने स्पीकरवर घेतला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, बाई, नेमणूक मान्य आहे का? ही म्हणाली, हो, मान्य आहे. ते म्हणाले, हॅलो? ही म्हणाली, मान्य आहे. हॅलो? सात वेळा मान्य झालं. आठव्यांदा सासरेबुवा खुर्चीतून ओरडले, अहो, मान्य आहे तिला! मग ते गृहस्थ कुणाला तरी सांगताना ऐकू आले, बाई बोलत नाहीत, पुढचं नाव काढा.
फोन कट झाला. मी सुचवलं, एकदा रिस्टार्ट करू. केलं. पडद्यावर आलं : ‘ॲप्स तयार होत आहेत, १८३ पैकी १’.
हिने विचारलं, तुम्ही काही केलंत का?
मी म्हणालो, सुधारणा केली.
ही ताडकन उठली. चपला घालून खाली पळाली. मी खिडकीतून बघितलं. आमच्या इमारतीखालच्या लाँड्रीवाल्याने गरम इस्त्री तशीच बाजूला ठेवली, हिला स्कूटरवर बसवलं आणि दोघं गेले. मी वरून ओरडलो, थांबा, १८३ पैकी ४० झाले! तेवढं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

११ मार्च, मंगळवार
जागा हिलाच मिळाली!
सासरेबुवांकडून कळलं, कारण ही माझ्याशी बोलत नाही. तिकडे शिक्षण खात्याच्या कचेरीत चित्रकलेच्या बाईंचा नंबर फिरवणं चालू होतं, तेवढ्यात हिने धापा टाकत टेबल गाठलं आणि म्हणाली, मीच ती, आणि मला मान्य आहे. ते गृहस्थ म्हणे उठून उभे राहिले.
शांतपणे विचार केला तर याचं मूळ माझ्याकडे येतं. फोन नीट चालला असता तर ही घरी बसून नुसतं ‘हो’ म्हणाली असती. प्रत्यक्ष गेली म्हणून छाप पडली. हे मी सासरेबुवांना समजावलं. ते म्हणाले, हे तिला सांगायला जाणार असाल तर मला आधी दुसऱ्या खोलीत जाऊ द्या.

१३ मार्च, गुरुवार
नव्या जागेवर रुजू होण्याचा हिचा फॉर्म सासरेबुवांच्या हस्ते माझ्याकडे आला. दोन झेरॉक्स काढून आणायच्या होत्या. मला आनंद झाला. इतक्या लोकांतून माझ्याकडे काम दिलं, म्हणजे राग उतरत चाललाय.
दुकानात रांग होती म्हणून फॉर्म वाचला. अक्षर सुंदर आहे हिचं. दुसऱ्या पानावर रकाना होता : ‘तातडीच्या वेळी संपर्क करावयाची व्यक्ती’. तिथे लाँड्रीवाल्याचं नाव आणि नंबर. पुढे ‘अर्जदाराशी नाते’. तिथे लिहिलंय : यांचा फोन लागतो.
पुन्हा वाचलं. कुठे खोडाखोड नाही. रागाने दाबून लिहिलेलंही नाही, नेहमीच्या अक्षरात लिहिलंय. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.
झेरॉक्सवाल्याने विचारलं, कॉपी नीट आल्यात का, बघून घ्या. आज पहिल्यांदा मी प्रत्येक ओळ तपासून बघितली. दोन्ही प्रतींवर ते अगदी स्पष्ट आलं होतं.