नदीच्या अलीकडचा डोंगर

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो, कारण तसं कळवायची तुझ्याकडे पद्धत नाही. आम्ही इकडे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण बहात्तराव्या वर्षी त्यांना तेवढा हक्क आहे. कारखाना आता माझी ठमी बघते. कारखाना म्हणजे तीच मागची खोली, लगद्याची दोन पिंपं आणि खळीचा वास. तुझ्या पुतणीचा हात माझ्याहून हलका आहे. मी बर्फाचे डोंगर करवतीच्या दातांसारखे करायचो. ती करते ते पाहिले की अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते.

पत्र लिहायला बसलो ते एक विचारायला. शाळेच्या सभागृहातला आपला उठावाचा नकाशा तुला आठवत असेलच. वीस फुटांत अख्खा देश: उत्तरेला बर्फ, पश्चिमेला समुद्रकाठचे कडे, मधलं पठार, पूर्वेला वाळवंट, आणि खाली समुद्रात बोटं पसरलेली नदी. वाळवंटातल्या वाळूच्या लाटा मी तुझ्या वहिनीच्या फणीने ओढल्या होत्या. त्यावरून तिने आठवडाभर अबोला धरला होता. असो.

तर शाळेत भूगोलाला नव्या बाई आल्यात. त्या पठाराखालच्या नदीकाठच्या गावातल्या. त्यांनी नकाशा पाहिला आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, आमचा डोंगर इकडे कसा आला? तो नदीच्या पलीकडे आहे, पूर्वेला. इथे तर पश्चिमेला दाखवलाय." मग त्यांनी मुख्याध्यापिका बाईंना समजावून सांगितलं. समुद्रावरून येणारे ढग त्या डोंगराला अडून नदीच्या खोऱ्यात रिकामे होतात. पण नकाशात डोंगर अलीकडे आला, म्हणजे खोरं त्याच्या आडोशाला गेलं. म्हणून ते मी पिवळं रंगवलं. अडतीस वर्षं मुलं शिकत आली की तो मुलूख कोरडा. बाई हसून म्हणाल्या, "चार महिने आमची चप्पल चिखलातून वर येत नाही."

मुख्याध्यापिका बाईंनी तुला विचारलं. आराखडा तुझा होता, आणि शाळेच्या येत्या समारंभाचा पाहुणाही तूच. तुझ्या उत्तराची नक्कल त्यांनी मला पाठवली. पाठवायला नको होती, पण सरळ बाई आहेत. तू लिहिलंस, "सदर चूक मूळ आराखड्यातील नसून संबंधित कारागिराच्या अज्ञानामुळे झालेली दिसते."

तीनदा वाचलं. अक्षर टंकलेलं होतं, पण बोलणं तुझंच.

अज्ञानाचं मला वाईट वाटत नाही रे. लोकांच्या घरी धाकटा थोरल्याचे जुने कपडे घालतो. आपल्याकडे तू वरच्या वर्गात गेलास की खालच्या वर्गाचं पुस्तक मला मिळायचं. तेवढ्यावर मी शिकलो. पण त्या गावी मी प्लॅस्टरची पोती घेऊन ट्रकवरून गेलो होतो. त्या नदीत पाय धुतले होते. पहाटे सूर्य डोंगरामागून वर आला, म्हणजे डोंगर पूर्वेला, एवढं कळायला पुस्तक लागत नाही. परत येऊन तुला सांगितलं तेव्हा तू चोविशीचा होतास, पदवीची शाई ओली होती. तू म्हणालास, "दादा, नकाशे पायांनी काढत नसतात."

तू काढलंस तसा डोंगर केला.

आता मुद्द्याचं. शाळेला आणखी दोन नकाशे करून हवेत. ते काम ठमीला मिळणार होतं. तुझं पत्र आल्यावर बाई म्हणतात, पुन्हा विचार करावा लागेल. ठमी चार दिवस जेवताना बोलत नाही. तिच्या बापाला अडाणी म्हटलं याचा तिला राग, आणि बाप गप्प आहे याचा त्याहून जास्त.

डोंगर मी दुरुस्त करून देतो म्हणून कळवलंय. पुढच्या गुरुवारी दहा वाजता शाळेत जाऊन अलीकडचा फोडायचा, पलीकडे उभारायचा. तुला माहीत आहे, उठावाच्या नकाशात आधी आराखड्याचा कागद फळीला चिकटवतात आणि त्यावर थर चढवतात. डोंगर फोडला की खालचा कागद उघडा पडणार. त्यावर काय आहे ते तुलाही ठाऊक आहे, मलाही.

गुरुवारच्या आत बाईंना एक ओळ लिही. "चूक आराखड्यातच होती." बस. माझं नावसुद्धा घालू नकोस. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि इथे तर सूर्यच डोंगरामागून यायचाय.

तुझा,
दादा


१७ मार्च

धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच. ते काही परत घेता येत नाहीत.

तुझं उत्तर आलं. मला नाही, बाईंना. नकाशा फार जुना झाला आहे, दुरुस्तीत वेळ घालवू नये, समारंभाआधी मोडून काढावा, असं तू त्यांना फोनवर सांगितलंस. बाईंनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "मोडायचाच असेल तर मोडा. पण आधी चूक दुरुस्त करतो. चुकीचा देश मोडण्यापेक्षा बरोबरचा मोडलेला बरा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारी या."

वीस फुटांचा देश, धाकट्या. एका ओळीऐवजी तू अख्खा देश मोडायला निघालास.

गुरुवारी मी आणि ठमी गेलो. तिला बजावून नेलं होतं, तोंड उघडायचं नाही. मुख्याध्यापिका बाई, भूगोलाच्या बाई आणि शाळेचा शिपाई, एवढीच माणसं. छिन्नी लावली. प्लॅस्टर सुटलं, खाली लगदा, त्याच्याखाली कागद. तुझी निळी पेन्सिल जशीच्या तशी.

शिपाई म्हणाला, "काय चिकटवलंय हो मामा, अक्षरसुद्धा पुसलं नाही."

"खळीत मोरचूद घातलेला असतो," मी म्हणालो. "कीड लागत नाही."

मुख्याध्यापिका बाई वाकून मोठ्याने वाचायला लागल्या. डोंगर नदीच्या पश्चिमेला, आणि शेजारी आडव्या ओळीत: "कारागिराच्या सांगण्यावरून फरक करू नये." खाली तारीख आणि सही.

सही वाचता येत होती, तरी बाईंनी विचारलं, "हे कुणाचं अक्षर?" मला एक वाट मोकळी ठेवत होत्या. ओळखू येत नाही, चष्मा घरी राहिला, काहीही म्हणता आलं असतं. घरून निघताना तेच म्हणायचं ठरवलं होतं.

"माझ्या धाकट्या भावाचं," मी म्हणालो.

जीभ अडखळली नाही. ठमीच्या हातातली बादली मात्र खाली टेकली. अडतीस वर्षं जे गिळलं ते तीन शब्दांत बाहेर पडलं, घामसुद्धा फुटला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

आता एक गोष्ट, जी त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हती. तुझ्या आराखड्यांची मी नेहमी स्वच्छ प्रत काढायचो आणि ती चिकटवायचो. मूळ कागद माळ्यावर बांधून ठेवायचो. त्या खेपेला मूळ कागदच चिकटवला, ती ओळ वर दिसेल असा. खळही दुप्पट लावली. का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर घाई होती म्हणून सांगितलं असतं. घाई नव्हती. कधीतरी कुणीतरी हा डोंगर फोडेल, हे मला तेव्हाच हवं होतं. डोंगर दहापट उंच केला नाही तर एवढा मोठा देश सपाट दिसतो, हे तूच मला शिकवलंस. मीही माझ्या रागाचं उभं माप तसंच वाढवत आलो असेन. पण राग होता, आणि मी तो मोरचूद घालून जपला. तुझी वहिनी गेली तेव्हा तू दौऱ्यावर होतास, तेव्हाही मला आधी तो कागद आठवला. मी फार चांगला माणूस आहे असं समजू नकोस.

पुढचं कळवतो. ठमीचं काम पक्कं झालं. नकाशा मोडणार नाहीत. समारंभाचं तुझं आमंत्रण बाई मागे घेणार नाहीत, त्या सभ्य आहेत. तू आलास तर हार घालतील. नकाशाशेजारी उभं करून फोटोही काढतील. यायचं की नाही ते तू ठरव.

बाई म्हणाल्या, तो कागद अलगद काढून घ्या, जपून ठेवा. मी नको म्हटलं. त्याच्यावरच लगद्याचा पातळ थर दिला, वर हिरवा रंग. खोरं आता हिरवं दिसतं. डोंगर ठमीने पलीकडे उभा केला, चांगला झालाय. भूगोलाच्या बाईंनी त्यावर बोट ठेवून त्यांचं घर कुठे ते दाखवलं.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात. मीही तेच म्हणत आलो, तुझ्या वहिनीला, ठमीला. पण मध्ये डोंगर आणून ठेवला तर पाण्यालाही दोन वाटा धराव्या लागतात, आणि खाली समुद्रापर्यंत त्या पुन्हा भेटतीलच असं नाही. भूगोल तुझा आहे. मी चुकत असेन तर कळव.

खाली सही करताना 'दादा' लिहायला हात उचलला नाही. म्हणून तुझ्याच पत्रातला शब्द घेतो.

संबंधित कारागीर