स्वयंपाकघरातला सूर

३ मार्च
आजपासून इच्छा बंद. पेईजन जाऊन वर्ष झालं. बायकोचा शोकसुद्धा आता पुरे. परवा ज्येष्ठांच्या विद्यालयात माझं व्याख्यान: 'गुरू कोंग आणि इच्छेवरचा ताबा'. चीनच्या या आद्य तत्त्वज्ञाच्या खुद्द जन्मगावी, च्यूफूत, या विषयाला माझ्याइतका लायक माणूस नाही.
स्वयंपाकघरात गुणगुण ऐकू येते. पेईजन भाजी चिरताना म्हणायची तेच नाटकातलं पद. नळ असावा. दुर्लक्ष.

५ मार्च, संध्याकाळ
व्याख्यान उत्तम. माणसं मोजकी, पण दर्दी. श्रोत्यांतल्या गेंगमास्तरांनी विचारलं, गुरूंना ताटात आल्याचा तुकडा लागायचाच, ती इच्छा नव्हे का? मी म्हटलं, ते औषध. सगळे हसले. विषय पटला.
घरी आलो तर पुन्हा गुणगुण. मान वळवली नाही. याला म्हणतात ताबा.

११ मार्च
रुओलानचा चिंगदाओहून फोन. पोरगी बँकेतली नोकरी सोडून मातीची भांडी करणार. का, तर मनात आलं! मी मर्यादा समजावली. म्हणाली, बाबा, तुम्हाला इच्छेची लाज वाटते. आमच्या पिढीत एखाद्याला काही हवंसं वाटेनासं झालं तर त्याला डॉक्टरकडे नेतात. वर म्हणाली, तुमचे गुरू संगीत ऐकून महिनोन्‌महिने मांसाची चव विसरले, आणि आईला तुम्ही साध्या नाट्यमंडळात गाऊ दिलं नाहीत.
फोन ठेवला. रेंज नव्हती.

१५ मार्च
मान्तोउचे पाव वाफवताना गुणगुण अगदी कानाशी. मान वळवली. कोणी नाही. केवळ तपासणी म्हणून वळवली.
ठराव: नळवाल्याला बोलावणे.

१८ मार्च
सगळे नळ बदलले. दिवसभर ओट्यापाशी श्वास रोखून, ओठ मिटून कान देऊन बसलो. आवाज नाही. विजय!

२२ मार्च
अजून शांतता. ज्ञानी माणसाला हेच हवं. मटण बेचव लागलं. खाटीक बदलावा.

२५ मार्च
नळवाल्याला पुन्हा बोलावलं. म्हटलं, जुने नळ परत बसव. म्हणाला, काका, ते भंगारात गेले. म्हटलं, दुसरा कुठला गंजका असला तरी चालेल. पाणी पिऊन निघून गेला. हल्ली कारागीर राहिले नाहीत.

२७ मार्च, सकाळ
जिन्यात शेजारच्या शाओबाई भेटल्या. म्हणाल्या, मेंगमास्तर, गाणं का हो बंद केलंत? भिंतीपलीकडून रोज ऐकायचे मी. पेईजनताई जिथे चुकायच्या, नेमके तिथेच तुम्हीही चुकायचात. वाटायचं, ताई आहेतच घरात.
मी म्हटलं, काहीतरी गैरसमज होतोय. मी जन्मात गायलेलो नाही.

दुपार
दार लावलं. ओट्यापाशी उभा राहून पद म्हणून पाहिलं. शब्द आठवले. सूरही लागला. पुन्हा म्हटलं. मग पुन्हा.
नेमकं तिथे चुकता काही येईना.